मंडईत आरसी विचारत नाहीत

भाऊबीज उलटली की आमच्या भंडारा जिल्ह्यात मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या त्या गावची. हलकं धान कापून झालेलं असतं, भारी धान अजून बांधीत उभं असतं, आणि या मधल्या दिवसांत गाव सगळ्या नातलगांना बोलावून घेतं. दिवसा दंडार, कबड्डीचे सामने, जिलेबीची आणि बांगड्यांची दुकानं. रात्री झाडीपट्टीचं नाटक, ते पार पहाटेपर्यंत. पाच मैलांवरून बैलबंडीनं आलेला आणि नागपूरहून मोटारीनं आलेला, दोघंही एकाच सतरंजीवर बसतात. येणाऱ्याला गाव विचारतात, पण ते ओळख काढायला. कुणाची सोयरीक कुठं निघते ते पाहायला. कागद दाखव, असं मंडईत कोणी कोणाला म्हणत नाही.

याच दिवसांत नागपुरात आणि आसपासच्या शहरांत तिबेटी स्वेटरवाल्यांच्या रांगा लागतात. लहानपणी आम्ही त्यांना सरसकट ‘नेपाळी’ म्हणायचो. त्यांच्यातले कित्येक आमच्याच जिल्ह्यातले आहेत, हे मला फार उशिरा कळलं. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरणाजवळच्या गोठणगावला 1972 साली तिबेटी निर्वासितांची वसाहत वसवली गेली. तिचं नाव नोर्ग्येलिंग. तेव्हा हा सगळा मुलूख भंडारा जिल्ह्यात होता. 1 मे 1999ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला, अर्जुनी तिकडे गेली. पण तिबेटी लोकांच्या बोलण्यात आणि त्यांच्या प्रशासनाच्या यादीत ही वसाहत अजून ‘भंडारा’च आहे. बायलाकुप्पे, मैनपाट, तशी ‘भंडारा’. आपल्या जिल्ह्याचं नाव हिमालयापलीकडून आलेल्या माणसांनी असं जपून ठेवलंय.

या लेखाचा विषय वरवर पाहता फार लांबचा आहे. अमेरिकेत 2026च्या जूनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक भरतो आहे. त्या सामन्यांच्या आसपास, स्टेडियमच्या दारात, तिथं जाणाऱ्या रस्त्यावर इमिग्रेशन खात्यानं धरपकड करू नये, अशी मागणी तिथं होते आहे. भंडाऱ्यात बसून यावर काय लिहायचं, असं मलाही आधी वाटलं. मग गोठणगाव आठवलं. खेळाचा मोठा सोहळा येतो आणि त्या दिवसापुरती काही माणसं एकदम संशयाची होतात, हे आपल्या देशात घडून गेलंय. ज्यांच्यावर ते बेतलं ते तिबेटी होते, आणि त्यांच्यातली एक वसाहत आपल्या धानाच्या पट्ट्यात आहे.

भंडाऱ्याहून लाखनी, साकोली, कोहमारा, नवेगावबांध असं करत अर्जुनी गाठायची. रस्ता शंभरेक किलोमीटरचा. दोन्ही बाजूंना तलाव, बोड्या, जंगल. गोठणगाव-प्रतापगड भागात शिरलं की एका वळणानंतर झाडांमध्ये रंगीत प्रार्थनापताका दिसायला लागतात. पलीकडे बौद्ध मठ, अलीकडे बांध घातलेली शेती. प्रतापगडला महाशिवरात्रीची मोठी यात्रा भरते, तिथंच ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. थोड्या पुढं, अर्जुनीच्याच परिसरात, पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं आहेत. इतक्या लहानशा टापूत इतके परके येऊन राहिले आणि इथले झाले. वसाहतीतली नवी पिढी हिंदी-मराठी आपल्यासारखीच बोलते. शेती, कुत्र्यांची-गुरांची निगा, हिवाळ्यात स्वेटरचा धंदा, कुणी सैन्यात, कुणी बंगळुरूला नोकरीत. आयुष्य तसं चारचौघांसारखं.

फरक एका शब्दात आहे, आणि तो शब्द वसाहतीतल्या म्हाताऱ्यापासून शाळकरी पोरापर्यंत सगळ्यांना पाठ असतो : आरसी. रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट. तिबेटी माणूस भारतात ‘परदेशी’ म्हणून नोंदलेला असतो. जिल्ह्याचा पोलिस अधीक्षक हाच त्याचा परदेशी नागरिक नोंदणी अधिकारी. आरसीची मुदत संपली की नवी करून घ्यायची. मुक्काम बदलला की कळवायचं. परदेशी जायचं तर पासपोर्ट नाही, ‘आयडेंटिटी सर्टिफिकेट’ नावाचं पिवळं पुस्तक. भारतानं 1951च्या निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करारावर सही केलेली नाही, त्यामुळे ‘निर्वासित’ हा शब्द आपण बोलताना वापरतो, कायद्यात तो परदेशीच. 1987च्या जुलैआधी इथं जन्मलेल्या तिबेटींना कायद्यानं जन्मतःच नागरिकत्व मिळतं. पण दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर 2010मध्ये एका तिबेटी तरुणीच्या बाजूनं निकाल दिला तेव्हा कुठं ती वाट थोडी मोकळी झाली. पुष्कळांनी तरीही हे नागरिकत्व घेतलेलं नाही, कारण त्यांच्या लेखी परत जायचा हक्क अजून जिवंत आहे.

2025च्या 1 सप्टेंबरला 1946चा परदेशी नागरिक कायदा आणि त्याच्या जोडीचे तीन जुने कायदे रद्द होऊन ‘इमिग्रेशन अँड फॉरिनर्स ॲक्ट, 2025’ लागू झाला. हॉटेलं, शिक्षणसंस्था, रुग्णालयं या सगळ्यांनी परदेशी माणसाची माहिती सरकारला द्यायची, अशी त्यात सोय आहे. नोंदणी केलेल्या तिबेटींना त्याच्या काही तरतुदींतून सूट मिळाली आहे, ही समाधानाची गोष्ट. पण सूट ही सूटच असते. ती देणाऱ्याच्या हातात राहते.

आता 2008कडे येतो.

त्या वर्षी ऑलिंपिक बीजिंगला होतं. मार्चमध्ये तिबेटमध्ये उठाव झाला, तो चिरडला गेला. भारतातल्या तिबेटींनी धर्मशाळेहून 10 मार्चला तिबेटकडे पायी मोर्चा काढला. तीनच दिवसांनी कांगडा जिल्ह्यातच पोलिसांनी त्यांना अडवून ताब्यात घेतलं. मग 17 एप्रिलला ऑलिंपिकची ज्योत दिल्लीत आली. जो खेळ साऱ्या जगाचा म्हणवतो त्याची ज्योत राष्ट्रपती भवनापासून इंडिया गेटपर्यंत जेमतेम अडीच किलोमीटर धावली, आणि त्या रस्त्यावर सामान्य माणसाला उभं राहू दिलं नव्हतं. पंधरा हजारांच्या आसपास पोलिस होते. फुटबॉलपटू बायचुंग भुतियानं ज्योत हाती घ्यायला आधीच नकार दिला होता. किरण बेदींनीही माघार घेतली. त्याच दिवशी तिबेटींनी राजघाटापासून जंतरमंतरपर्यंत आपली वेगळी मशाल नेली, शांतपणे. देशभरच्या वसाहतींमधून माणसं त्यासाठी आली होती. ज्यांनी बंदोबस्ताजवळ जायचा प्रयत्न केला त्यांच्यातल्या अनेकांना उचललं गेलं.

निदर्शनं करणाऱ्याला पोलिस अडवतात, हे मी समजू शकतो. त्यावर वाद घालता येतो. खटकतं ते वेगळं आहे. अशा दिवसांत निदर्शनं न करणारा तिबेटीही चेहऱ्यावरून अडवला जातो. विद्यार्थी, स्वेटरवाला, दवाखान्यात निघालेली बाई. ज्याच्याकडे आरसी असते त्याची आरसी पाहिली जाते, मुदत पाहिली जाते, ‘तुझा पत्ता भंडाऱ्याचा, तू इथं काय करतोस’ हे विचारता येतं. कायदा आधीपासूनच होता, सोहळ्यानं त्याला धार लावली. मार्च 2012मध्ये ब्रिक्स परिषदेसाठी चीनचे अध्यक्ष हू जिंताओ दिल्लीत आले तेव्हा तर ईशान्येकडच्या भारतीय नागरिकांनाही चेहऱ्यावरून हटकल्याच्या तक्रारी झाल्या. मणिपूरचा विद्यार्थी आपल्याच राजधानीत आपण भारतीय असल्याचं सांगत उभा. नाकाडोळ्यांवरून माणसाचा देश ठरवायला लागलं की चूक होणारच, आणि त्या चुकीचं मोल नेहमी तोच चुकवतो ज्याची काही चूक नसते.

अमेरिकेत 2025मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर सुरू झालं. 6 जूनपासून लॉस एंजेलिसमध्ये ‘आइस’च्या, म्हणजे इमिग्रेशन अँड कस्टम्स एन्फोर्समेंट या खात्याच्या धाडी सुरू झाल्या. मोटारी धुणारे, बांधकामाच्या दुकानाबाहेर रोजंदारीसाठी उभे असलेले, शेतात राबणारे लोक उचलले गेले. तिथल्या एका न्यायाधीशांनी 11 जुलैला आदेश दिला की वंश, बोलण्याची भाषा, उभं राहायची जागा आणि कामाचा प्रकार, एवढ्याच गोष्टींवरून कुणाला अडवू नका. 8 सप्टेंबरला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो आदेश स्थगित केला.

त्याच जूनमध्ये अमेरिकेत फिफाची क्लब विश्वचषक स्पर्धा भरली, पुढच्या वर्षीच्या मोठ्या स्पर्धेची रंगीत तालीम म्हणून. मायामीतल्या पहिल्या सामन्याआधी सीमासुरक्षा खात्यानं समाजमाध्यमावर लिहिलं की पहिल्या फेरीच्या सामन्यांना आमची माणसं सज्ज असतील. नंतर तो मजकूर काढून टाकला. ‘आइस’कडूनही सांगितलं गेलं की जे अमेरिकन नागरिक नाहीत त्यांनी कायदेशीर वास्तव्याचा पुरावा जवळ बाळगावा. 19 जूनला लॉस एंजेलिसच्या डॉजर या बेसबॉलच्या स्टेडियमबाहेर सरकारी गाड्या आल्या. क्लबनं सांगितलं की आम्ही त्यांना वाहनतळात येऊ दिलं नाही. सरकारनं सांगितलं की त्या गाड्यांचा कुठल्या कारवाईशी संबंध नव्हता. दोघांचं म्हणणं आपण आहे तसं घेऊ. पण सामन्याला निघालेल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कुटुंबाला त्या संध्याकाळी काय वाटलं असेल? आणि 13 जुलैला न्यू जर्सीतल्या अंतिम सामन्याला आपल्या दोन मुलांना घेऊन आलेल्या एका आश्रयार्थी बापानं कुटुंबाचा फोटो घ्यायला लहानसा ड्रोन उडवला. पोलिसांनी अडवलं आणि पुढं तो ‘आइस’च्या हवाली झाला. मुलं सामना पाहायला आली होती.

जुलैमध्ये नव्वदहून अधिक संघटनांनी फिफाला पत्र लिहिलं : यजमान सरकारवर तुमचं वजन वापरा. फिफाचं 2017पासून स्वतःचं मानवी हक्क धोरण आहे, 2026च्या यजमान शहरांकडून तिनं मानवी हक्कांचे आराखडेही मागितले आहेत. एकूण 104 सामने, 48 संघ. त्यातले 78 सामने अमेरिकेतल्या 11 शहरांत, बाकीचे शेजारच्या मेक्सिको-कॅनडात. 11 जूनला मेक्सिकोत सुरुवात, 19 जुलैला न्यू जर्सीच्या ईस्ट रदरफोर्डमध्ये शेवट. ती जागा एडिसन या तिथल्याच गावापासून तासाभराच्या आत आहे, आणि एडिसनमध्ये मराठी घरं किती आहेत हे वाचकांना सांगायला नको. यातल्या बहुतेक घरांत कागद चोख आहेत. तरीही एच-वन-बी व्हिसावर गेलेल्या मुलानं किंवा सहा महिन्यांसाठी नातवंडं सांभाळायला गेलेल्या आईवडिलांनी आता खिशात काय काय ठेवायचं, याची चर्चा घरोघर होते आहे. ही चर्चा भीतीतून आलेली आहे आणि ती खरी आहे. कागद नसलेल्यांतही आपली माणसं आहेत, हे विसरू नये : 5 फेब्रुवारी 2025ला अमेरिकेच्या लष्करी विमानातून बेड्या घालून अमृतसरला उतरवलेल्या 104 भारतीयांमध्ये तीन महाराष्ट्राचे होते.

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. दोन्ही मी प्रामाणिकपणे तपासून पाहिले.

पहिला सुरक्षेचा. एवढी गर्दी, दहशतवादाचं सावट, मग तपासणी नको कशी? तपासणी हवीच. पिशव्या उघडा, कुत्रे फिरवा, कॅमेरे लावा, तिकिटाशी ओळखपत्र जुळवा. यातलं काहीही कोणी थांबवायला सांगत नाही. स्फोटकं शोधणं आणि मुदत संपलेला व्हिसा शोधणं, ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं काम पहिल्याच्या गणवेशात शिरलं की पहिलं बिघडतं. 2002च्या सॉल्ट लेक सिटी हिवाळी ऑलिंपिकआधी, डिसेंबर 2001मध्ये, तिथल्या विमानतळावर ‘ऑपरेशन सेफ ट्रॅव्हल’ नावाची मोहीम झाली. 69 जणांवर गुन्हे दाखल झाले. ते झाडूवाले होते, खाणं बनवणारे होते, विमानं साफ करणारे होते. खोटे कागद दाखवून कामाला लागलेले. त्यातला एकही दहशतवादी निघाला नाही. सोहळा सुरक्षित झाला असं म्हणायचं तर कशापासून? उलट ज्याला कागदाची धास्ती आहे तो चेंगराचेंगरी झाली तरी पोलिसाकडे धावत नाही. पाकीट मारलं गेलं, बाईची छेड काढली गेली, बेवारस पिशवी दिसली, तो गप्प बसतो. बंदोबस्ताला सगळ्यात जास्त गरज असते ती बघणाऱ्या डोळ्यांची आणि बोलणाऱ्या तोंडांची. भीतीनं तीच बंद होतात.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा वाटतो. कायदा मोडला तो मोडला. खेळाच्या मैदानाला वेगळा न्याय कशाला? याचं उत्तर शोधायला मला अमेरिकेला जावं लागलं नाही. ते भंडाऱ्याच्या दिवाणी न्यायालयात रोज पाळलं जातं. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं, 1908च्या, कलम 135 असं सांगतं की पक्षकार, वकील किंवा साक्षीदार न्यायालयाच्या कामासाठी येत असेल, तिथं हजर असेल किंवा परत जात असेल, तर त्याला दिवाणी हुकमाखाली अटक करता येत नाही. त्याचं कर्ज माफ होत नाही. हुकूम रद्द होत नाही. फक्त त्या वाटेवर, त्या दिवशी, त्याला हात लावायचा नाही. कारण उघड आहे : वाटेवर पकडतील या भीतीनं साक्षीदार आलाच नाही, तर न्यायालयच चालणार नाही. त्याच संहितेचं कलम 55 म्हणतं की अटकेसाठी सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी कुणाच्या घरात शिरायचं नाही. शंभराहून अधिक वर्षं हा कायदा आहे आणि त्यानं कुणाचं राज्य बुडालं नाही.

अमेरिकेत व्हिसाची मुदत संपूनही राहणं हा मुख्यतः दिवाणी स्वरूपाचा भंग मानतात, फौजदारी गुन्हा नव्हे. तिथंही 2011पासून शाळा, दवाखाने, चर्च, धर्मस्थळं अशा ठिकाणी शक्यतो कारवाई करू नये, असे लेखी आदेश होते. 2021मध्ये ते आणखी विस्तारले, मुलांच्या खेळण्याच्या जागासुद्धा त्यात आल्या. 2025च्या 20 जानेवारीला ते सगळे मागे घेतले गेले. म्हणजे मागणी काही नवलाची नाही. जे काल होतं ते परत द्या आणि त्यात स्टेडियम जोडा, एवढीच आहे. प्राचीन ग्रीकांनी तर ऑलिंपियाच्या खेळांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटेत अभय देण्याचा करार केला होता, खेळाडूंना आणि प्रेक्षकांनाही. आजच्या ऑलिंपिकवाल्यांना त्या वारशाचा अभिमान आहे. त्या अभयाचा अर्थ मात्र ते फक्त खेळाडूपुरता घेतात. 2025च्या 4 जूनला अमेरिकेनं बारा देशांच्या नागरिकांना प्रवेशबंदी केली, तेव्हा विश्वचषक आणि ऑलिंपिकला येणाऱ्या खेळाडूंना, प्रशिक्षकांना त्यातून वगळलं. त्यांच्या चाहत्यांना नाही. इराण विश्वचषकासाठी पात्र ठरला आहे. त्याच्या संघाला मुभा आहे, इराणहून टाळी वाजवायला येणाऱ्या चाहत्याला नाही.

खरं तर खेळाडूचंही सगळं सुखरूप नसतं. आपल्याजवळचंच उदाहरण. नागपूरचं जामठा मैदान भंडाऱ्याहून दीड तासावर. फेब्रुवारी 2023मध्ये तिथं भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी होती. उस्मान ख्वाजा तेव्हा ऑस्ट्रेलियाचा सलामीचा फलंदाज, जन्म इस्लामाबादचा, वाढला सिडनीत. सगळा संघ विमानात बसला, त्याचा व्हिसा आला नव्हता. तो मागाहून पोचला, जामठ्यावर खेळला. पुढच्या जानेवारीत इंग्लंडचा शोएब बशीर, जन्म इंग्लंडचा, आईवडिलांचं मूळ पाकिस्तानी, व्हिसाच्या दिरंगाईनं हैदराबादच्या कसोटीला मुकला. याच जामठ्यावर 27 मार्च 2016ला टी-20 विश्वचषकात अफगाणिस्ताननं वेस्ट इंडीजला सहा धावांनी हरवलं होतं. वेस्ट इंडीज त्या स्पर्धेत जगज्जेते झाले, आणि त्यांचा तो एकमेव पराभव. ज्या अफगाण संघानं हा पराक्रम केला त्यातले महंमद नबीसारखे खेळाडू पेशावरकडे निर्वासित म्हणून राहत असताना, परक्या भूमीवर क्रिकेट शिकले होते. तिथल्या मैदानावर रोज कागद तपासत उभे राहिले असते तर नबी चेंडू टाकायला शिकला असता का, असा प्रश्न मला पडतो.

सिंडी न्गाम्बाची गोष्ट याहून थेट आहे. कॅमेरूनहून लहानपणी इंग्लंडला आलेली मुलगी, बोल्टनला मुष्टियुद्ध शिकली. विशीत असताना इमिग्रेशन कार्यालयात नेहमीची हजेरी द्यायला गेली आणि तिथंच अटक होऊन स्थानबद्धता केंद्रात पाठवली गेली. दुसऱ्या दिवशी सुटली. 2024च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये निर्वासितांच्या संघानं जिंकलेलं पहिलंवहिलं पदक, कांस्य, तिचं. त्याच पॅरिसमध्ये ऑलिंपिकच्या आधीच्या वर्षभरात 12 हजारांहून अधिक निराधार आणि स्थलांतरित लोकांना मुक्कामांवरून हटवल्याची नोंद तिथल्या स्वयंसेवी संघटनांनी केली. बसमध्ये बसवून दुसऱ्या शहरांत पाठवलं. शहर स्वच्छ दिसायला हवं म्हणून. 1936च्या बर्लिन ऑलिंपिकआधी 16 जुलैला रोमा लोकांना उचलून शहराच्या कडेला मार्झानच्या छावणीत कोंडलं होतं. ही दोन उदाहरणं एकाच मापाची मुळीच नाहीत, फ्रान्स म्हणजे नाझी जर्मनी नव्हे. पण पाहुण्यांच्या नजरेसमोरून काही माणसं बाजूला करायची ही सवय जुनी आहे. आपल्या दिल्लीतही 2010च्या राष्ट्रकुल स्पर्धेआधी भिकाऱ्यांवर फिरती न्यायालयं चालवली, फेरीवाले हटवले.

नोर्ग्येलिंगच्या पोरांना फुटबॉलचं वेड आहे, जसं सगळ्याच तिबेटी वसाहतींत आहे. दलाई लामांच्या आईच्या नावानं वसाहतींमधल्या संघांचा सुवर्णचषक 1981पासून खेळला जातो. तिबेटचा एक संघही आहे. फिफा त्याला मान्यता देत नाही. 30 जून 2001ला तो संघ कोपनहेगनला ग्रीनलंडविरुद्ध खेळला, 4-1नं हरला. तो सामना होऊ नये म्हणून चीननं दबाव आणला होता आणि खेळाडूंच्या प्रवासाच्या कागदांसाठी संयोजकांचा जीव मेटाकुटीला आला होता. 2017मध्ये तिबेटी मुलींच्या संघाला टेक्सासमधल्या डॅलस स्पर्धेचं आमंत्रण होतं. फेब्रुवारीत दिल्लीतल्या अमेरिकी वकिलातीनं त्यांना व्हिसा नाकारला. त्यातल्या बहुतेक मुली भारतात वाढल्या, भारतात खेळायला शिकल्या. त्यांना कुणीच आपलं म्हणत नाही, ही गोष्ट मला फार लागते.

आता पुढचं. 2025च्या ऑगस्टमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 2030च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला घेण्याच्या प्रस्तावाला मंजुरी दिली. 2036च्या ऑलिंपिकचंही आपण म्हणतो आहोत. मला त्याचा आनंद आहे, आपल्या पोरांनी आपल्या मातीत ऑलिंपिक पाहावं. पण याच अहमदाबादमध्ये 26 एप्रिल 2025ला पहाटे बांगलादेशी असल्याच्या संशयावरून शेकडो माणसं ताब्यात घेतली गेली, आणि त्यातल्या अनेकांकडे भारतीय असल्याची कागदपत्रं निघाली. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात मजुरी करणारे पश्चिम बंगालचे काही मुसलमान कामगार बांगलादेशच्या हद्दीत ढकलले गेले. ते भारतीय आहेत हे सिद्ध झाल्यावर सीमा सुरक्षा दलाला बांगलादेशी रक्षकांशी बोलून त्यांना परत आणावं लागलं. बेकायदा घुसखोरी हा खरा प्रश्न आहे, हे मी नाकारत नाही. पण आपली यंत्रणा अजून घाईत माणूस ओळखायला चुकते. ही घाई स्पर्धेच्या तोंडावर दहापट होईल. स्टेडियम बांधायला कोण येणार? ओडिशाचे, बंगालचे, झारखंडचे, आणि आमच्या भंडारा-गोंदियाचेही, रोवणी-कापणी आटोपली की हैदराबाद-नागपूरच्या बांधकामांवर जाणारे. टाळेबंदीत, 2020च्या उन्हाळ्यात, आमच्या भंडाऱ्याच्या महामार्गावरून छत्तीसगडकडे चालत निघालेल्या मजुरांना आम्ही पाणी दिलं आहे. स्वतःच्या देशात जिल्ह्याच्या सीमेवर पास मागितला जातो तेव्हा माणसाचा चेहरा कसा होतो, ते आम्ही पाहिलं आहे.

म्हणून मागणी स्पष्ट शब्दांत लिहून घेतली पाहिजे, आणि ती आत्ताच, स्पर्धेच्या आधी. सामन्याच्या दिवशी, सामन्याच्या काही तास आधीपासून नंतरपर्यंत, स्टेडियम, तिथं जाणारी रेल्वे-बसस्थानकं, खेळाडूंचं आणि कामगारांचं वसतिस्थान, एवढ्या टापूत केवळ वास्तव्याचे कागद तपासण्यासाठी कुणाला अडवायचं नाही. न्यायालयाचं वॉरंट असलेला गुन्हेगार असेल तर त्याला जरूर धरा. सुरक्षेसाठी घेतलेली माहिती इमिग्रेशन खात्याकडे जाणार नाही, हे आधी जाहीर करा, म्हणजे लोक बोलतील. आणि नोंदणी केलेला तिबेटी, श्रीलंकेचा तमिळ, अफगाण, यांना चेहऱ्यावरून किंवा आपल्या वसाहतीबाहेर दिसले म्हणून हटकणार नाही, हे पोलिसांना लेखी सांगा. यात कायद्याचा एकही शब्द बदलावा लागत नाही. एक परिपत्रक पुरेसं आहे.

न्यू जर्सीत, टेक्सासमध्ये, कॅलिफोर्नियात राहणाऱ्या मराठी वाचकांनो, 2026च्या उन्हाळ्यात तुम्ही तिकीट काढून सामन्याला जाल. तुमच्या मंडळांनी आपापल्या नगर परिषदेला आणि तिथल्या लोकप्रतिनिधीला एक पत्र लिहावं : सामन्याच्या दारात कागदाची धरपकड नको. तुमचे कागद चोख आहेत, म्हणूनच तुमच्या सहीला किंमत आहे.

आणि इकडच्यांना माझं सांगणं असं. जिल्हा दुभंगला तरी खासदार आपला अजून एकच आहे, भंडारा-गोंदियाचा. अहमदाबादच्या स्पर्धेबद्दल त्याला हे विचारा. यंदा मंडईला किंवा नागपूरच्या बाजारात जाल, तिबेटी बाईकडून स्वेटर घ्याल, तेव्हा तिला गाव विचारा. ती ‘भंडारा’ म्हणाली तर आपल्याच जिल्ह्याची पाव्हणी म्हणून तिच्याशी दोन शब्द बोला, आणि तिला मंडईला बोलवा.